मास्तर आले नाहीत

“मास्तर, चपला काढू नका. परत घालाव्या लागतील.”

दानिएल मास्तर एक पाय पायरीवर ठेवून तसेच थांबले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, डोक्याला तेल. मिशनच्या शाळेत तीस वर्षं पोरं बडवलेला माणूस, पण माझ्यासमोर आला की शब्द शोधायचा.

“साराबाई, मला याकोबनं बोलावलंय. मृत्युपत्रावर साक्षीची सही पाहिजे, असा निरोप होता त्याचा.”

“भाऊजींना आत्ताच डोळा लागलाय.”

“मग बसतो मी ओट्यावर.”

“बसायला इथं काय नाताळचं जेवण आहे? आणि असलं तरी माझ्या हाताला मोजमाप नाही. तुम्हाला पुरायचं नाही.”

मास्तरांना कळलं. कान लाल झाले त्यांचे. नऊ वर्षांपूर्वी नाताळाला चर्चच्या सगळ्या मंडळीचं जेवण माझ्याकडे होतं. शेवटच्या पंगतीला रस्सा कमी पडला, तेव्हा ह्याच माणसानं चार गावच्या पाहुण्यांसमोर वाटी हलवून म्हटलं होतं, “साराबाईंच्या हाताला मोजमाप नाही.” लोक हसले. त्या दिवसापासून मी मास्तरांशी बोलत नव्हते. देवळात ते उजव्या बाजूला बसले की मी मान डावीकडे धरायची. नऊ वर्षांत मान दुखली नाही माझी.

“याकोबला सांगा, मी येऊन गेलो,” ते म्हणाले.

“सांगते.”

ते गेले. मी वळले तर दारात मनोरमा, माझी धाकटी सून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मास्तरांसाठी आणलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं तांब्याकडे पाहिलं आणि आत गेली.

ही मनोरमा कोण आणि ते घर कुणाचं, ते आधी सांगते.

घर माझ्या दिराचं, याकोबभाऊजींचं. आमच्या घराच्या मागं, मध्ये एक अंगण. तीन खोल्या दगडी, पुढं ओटा, मागं परस. भाऊजी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लग्न केलं नाही. आईबाप गेले, नंतर माझे मालकही गेले, तेव्हा भाऊजींना जवळचं म्हणून माझे दोन मुलगे. थोरला अशोक पुण्याला कंपनीत. धाकटा प्रभाकर साखर कारखान्यात लागला, मनोरमाला करून आणली, आणि लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत काविळीनं गेला. मूलबाळ नाही.

ख्रिस्ती माणसानं पायगुण मानू नये. मी मानतही नाही. पण बोलले. प्रभाकरला माती देऊन आलो त्या संध्याकाळी, चुलीपुढं, सगळ्या बायकांच्या देखत बोलले. मनोरमानं उत्तर दिलं नाही. तिची ती खोडच होती, उत्तर न द्यायची. दिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं की संपतं तरी.

पुढं वर्षभरात भाऊजींवरून वारं गेलं. डावं अंग लुळं पडलं. मनोरमा सकाळ-संध्याकाळ त्यांचं करायला जायला लागली, मग दुपारीही तिथंच, मग एक दिवस तिची ट्रंकच तिकडे गेली. सहा वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं. मी अंगणाच्या अलीकडून बघत होते. लोक म्हणायचे, “साराबाई, सून गुणाची मिळाली.” मी म्हणायचे, “मला कुठं मिळाली? भाऊजींना मिळाली.”

तर तो गुरुवार. भाऊजींना दम लागायला लागला होता, आणि कागद आजच करायचा म्हणून ते हटून बसले होते. तालुक्याला कचेरीसमोर पत्र्याखाली बसून कागद लिहिणारे बोऱ्हाडे भाऊसाहेब फटफटीवर आले. आमच्या देवळातले पाळकसाहेब आले. मास्तर येऊन गेले, ते सांगितलंच.

बोऱ्हाड्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. “मी याकोब शिमोन जगधने, वय वर्षे एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की...” मी दाराशी उभी होते. मळ्यातली तीस गुंठे जमीन पुतण्या अशोकला. बरं. राहतं घर आणि परस पुतणसून मनोरमा प्रभाकर जगधने हिला, कारण तिनं माझी सेवा केली व तिला दुसरा आसरा नाही.

मी वाट पाहिली. बोऱ्हाड्यांनी कागद खाली ठेवला.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” भाऊजी म्हणाले. तोंड वाकडं झाल्यापासून त्यांचा शब्द ओला यायचा. “वहिनी, तुमचं नाव नाही म्हणून रागावलात का?”

“मी कशाला रागावू?”

“तुम्हाला काय द्यायचं? तुम्ही मागणाऱ्यातल्या नाहीत. आणि दिलेलं तुम्हाला चालत नाही.”

पाळकसाहेब हसले. मीही हसले. पण चाळीस वर्षं त्या माणसाचा डबा मी केला होता. घराला पाया खणला तेव्हा पाणी मी ओढलं होतं. आणि कागदावर, बोऱ्हाड्यांच्या त्या गोल अक्षरात, माझं नाव एका ओळीलाही नव्हतं.

“मास्तर आले का?” भाऊजींनी विचारलं.

“नाही आले.”

मनोरमा त्यांच्या उशाशी होती. उशीचा अभ्रा सारखा करत होती. तो हात थांबला.

“येतो म्हणाला होता.”

“म्हणाले असतील. आले नाहीत.”

बोऱ्हाडे म्हणाले, “साक्षीदार दोन लागतात. एक साहेब आहेत. दुसरं कुणीतरी बघा, मला पुढं राहात्याला जायचंय.” पाळकसाहेबांनाही शेजारच्या गावात कुणाच्या तरी मयतीची प्रार्थना होती, ते मनगटावरचं घड्याळ बघत होते. गावात बाजाराचा दिवस, सगळी घरं कुलपं लावून गेलेली.

“मी मास्तरांच्या घरी बघून येऊ का?” मनोरमानं विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं. “दोन घरं टाकून तर आहेत.”

आज कळतं की तिनं मला वाट करून दिली होती. मास्तर आत्ताच आलेत असं म्हणून ती त्यांना घेऊन आली असती आणि माझं खोटं अंगणातच विरून गेलं असतं. तेव्हा मला वाटलं, ही मला पकडायला बघते.

“कशाला कुणाच्या दारात जायचं?” मी म्हणाले. “घरात सही करणारं माणूस नाही का? तू आठवी शिकलीस ना? कर तू.”

“मी? आत्याबाई, घर मलाच आणि साक्षही माझीच?”

“मग काय झालं? उद्या लोक म्हणतील, सुनेनं म्हाताऱ्याला गुंगवून लिहून घेतलं. घेणारीनं समोर येऊन सही करावी. लपायचं काय त्यात?”

“लपायचं नाही. पण ते बरं दिसत नाही.”

“आठवीत हे पण शिकवतात वाटतं. आमची दुसरी झाली, आम्हाला नाही शिकवलं.”

बोऱ्हाडे भाऊसाहेब पेनाचं टोपण उघडून बसले होते. “बाई, चालतंय ते. अठरा वर्षं कागद लिहितोय मी. पोराच्या नावचं मृत्युपत्र आणि पोरगाच साक्षीला, असे ढीगभर केलेत. कुठं अडलं नाही.”

“एखाद्या वकिलाला विचारावं का?” पाळकसाहेब म्हणाले.

“वकील काय वेगळं सांगणार? दोन सह्या पाहिजेत, दोन होतात.”

भाऊजी माझ्याकडे बघत होते. उजवा डोळा त्यांचा चांगला होता, त्या डोळ्यानं.

“वहिनी, मास्तर नक्की आला नाही?”

“मी खोटं बोलते का भाऊजी?”

“तुम्ही बोलता पुष्कळ,” ते म्हणाले, “पण खोटं नाही बोलत.”

त्यांनी उजव्या हातानं सही केली. पाळकसाहेबांनी केली. मग मनोरमानं. पदर खोचून, गुडघ्यावर पाटी घेऊन, शाळेत काढतात तसं एकेक अक्षर काढून.

भाऊजींची वाचा त्या रात्रीच गेली, आणि चाळीस दिवसांनी भाऊजी गेले. नवऱ्याला रडली नव्हती तेवढी मनोरमा भाऊजींना रडली. ते मी चार बायकांना बोलूनही दाखवलं.

घर नावावर लावायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक नवा पोरगा होता. कागद उलटसुलट करून म्हणाला, “आजी, एकदा वकिलाकडून बघून घ्या, मग मी नोंद लावतो.” अशोक पुण्याहून आला. तो, मी आणि मनोरमा तालुक्याला ओस्तवाल वकिलांकडे गेलो. वर माडीवर त्यांची खोली. मनोरमानं त्या दिवशी निळं लुगडं नेसलं होतं, भाऊजींनी पेन्शनीतून घेतलेलं.

ओस्तवालांनी कागद वाचला. शेवटच्या पानावर थांबले. परत पहिल्या पानावर गेले.

“मनोरमाबाई कोण?”

“मी,” मनोरमा म्हणाली.

“घर तुम्हालाच दिलंय. आणि ही साक्षीची सही?”

“माझीच.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि तुम्ही ख्रिस्ती.”

“हो,” अशोक म्हणाला. “का?”

“हिंदू कुटुंबात हे झालं असतं तर बिघडलं नसतं. कागद लिहिणाऱ्यानं तेच धरून लिहिलंय. तुम्हाला वेगळं कलम लागतं. ज्याला द्यायचं तोच साक्षीला असेल, तर त्याची साक्ष टिकते, पण त्याला दिलेलं टिकत नाही. कागद खरा. मेलेल्याची इच्छा खरी. फक्त घर बाईंना मिळत नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी उसाचा ट्रॅक्टर मागं घेत होतं, त्याचा आवाज येत होता.

“मग घर कुणाला?” मी विचारलं.

“घरापुरतं मृत्युपत्र नाहीच असं धरायचं. मग जवळचा वारस. पुतण्या. म्हणजे हे.” त्यांनी अशोककडे बोट केलं. “मला एक कळत नाही. सगळ्या गावात दुसरा साक्षीदार मिळाला नाही तुम्हाला?”

प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारला. वयानं मोठी मी होते. मी टेबलावरच्या त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिले.

मनोरमा म्हणाली, “बाजाराचा दिवस होता साहेब. गावात कुणी नव्हतं.”

असं म्हणाली. मग उठली, “पाणी पिऊन येते,” म्हणून जिना उतरून खाली गेली.

तिनं मला झाकलं. दुसऱ्या कुणी झाकलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. पण हिनं? जिला मी वाईट पायगुणाची म्हटलं, तिनं माझी लाज राखावी आणि मी ती राखून घ्यावी? मला ते जिथं झोंबायचं तिथं झोंबलं.

ती खाली गेल्यावर ओस्तवाल अशोकला म्हणाले, “तुम्हाला घर नको असेल तर मार्ग आहे. एकदा नोंद तुमच्या नावानं होऊ द्या, मग बाईंना बक्षीसपत्र करून द्या. नोंदणी करायची, झालं. महिन्याभराचं काम.”

अशोक लगेच म्हणाला, “मला नकोच आहे साहेब. याकोबतात्यांनी तिला दिलंय.” मग माझ्याकडे वळला. लहानपणापासूनची सवय त्याची, स्वतःचं बरोबर असलं तरी माझ्याकडे वळायचं. “आई, करायचं ना?”

“बघू,” मी म्हणाले.

“बघू काय त्यात?”

“घरी बोलू. आणि तिला आत्ता काही सांगू नकोस.”

संध्याकाळी, मनोरमा मागच्या घरात दिवा लावायला गेल्यावर, अशोकनं परत विषय काढला.

“आई, तू म्हण, मी उद्याच वकिलाला सांगतो.”

“तिला येऊ दे माझ्याकडे. सहा वर्षांत एकदा तरी आली का काही मागायला? एकदा म्हणू दे, आत्याबाई, माझं बघा. मग मीच सांगते तुला.”

“पण तिला ठाऊकच नाही की मागता येतं.”

“गरज असली की माणसाला सगळं ठाऊक होतं.”

“आणि नाही आली तर?”

“येईल. जाणार कुठं?”

अशोक सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. जाताना मनोरमाला एवढंच म्हणाला, “काळजी करू नको.” भित्रा आहे तो. पण त्याला भित्रा कुणी केला हे मला माहीत आहे.

मी वाट बघत राहिले. दळण आणायला गेले तरी लक्ष मागच्या दाराकडे. मनोरमानं घर झाडलं, भाऊजींची गादी उन्हात घातली, औषधांच्या बाटल्या दवाखान्यात देऊन आली, दार-खिडक्यांना तेलपाणी केलं. मला वाटलं, आता येईल. रोज संध्याकाळी ती अंगण ओलांडून माझ्याकडे भाकरी करायला यायची. चुलीपुढं आम्ही दोघी. मी मुद्दाम कामाचं काढायचे, म्हणजे तिला तोंड उघडायला जागा मिळावी.

“मागच्या कौलांचं बघायला पाहिजे,” मी म्हणायचे.

“हो,” ती म्हणायची. “दादांना सांगायला पाहिजे. घर त्यांचं आहे.”

बास. भाकरी उलटायची.

अकराव्या दिवशी मनमाडच्या मिशन बोर्डिंगचं पत्र आलं. मुलींच्या वसतिगृहाला मेट्रन पाहिजे होती. अर्ज तिनं कधी केला, कुणाकडून केला, मला कळलं नव्हतं. पुष्कळ दिवसांनी समजलं की अर्ज दानिएल मास्तरांनी लिहून दिला होता. त्यांनाही तिनं त्या गुरुवारबद्दल काही विचारलं नाही की सांगितलं नाही. मास्तर मरेपर्यंत याच समजुतीत होते की भाऊजींना झोप लागली आणि मग दुसरं कुणीतरी मिळालं.

ती गेल्यावर मी गावाला सांगत आले, “सून स्वतः गेली. घर अशोक देणार होता. तिनं मागितलंच नाही. एवढा ताठा.” लोक म्हणायचे, खरं आहे साराबाई. चार वर्षं हे चाललं. मग माझाच मला कंटाळा आला आणि मी अशोकला म्हटलं, कागद कर. त्यानं बक्षीसपत्र तयार करून घेतलं, तिची मान्यता लागते म्हणून ते घेऊन मनमाडला गेला. तसाच परत आला.

“काय म्हणाली?”

“आधी सगळा कागद वाचला तिनं. मग विचारलं, दादा, हे तेव्हाही होण्यासारखं होतं का?”

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? हो म्हणालो.”

“मग?”

“मग म्हणाली, आता नको. मुलींची जेवायची वेळ झाली होती. मला जेवायला बसवलं. तुला सलाम सांगितलाय.”

तिचा माझ्यावर राग होता का, मला माहीत नाही. दर नाताळाला तिचं कार्ड यायचं, चार ओळींचं. मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं? अक्षर मला नीट येत नाही, ही एक सबब. तीन वर्षांपूर्वी नाताळ आला आणि कार्ड आलं नाही. अशोकनं फोन लावला तेव्हा कळलं, दिवाळीतच गेली. बोर्डिंगच्या मुलींनी माती दिली.

घराचा कर मी भरते. कुलूप मी लावते. एक्याऐंशी वर्षं झाली मला. कुणी विचारलं तर आता मी ‘तिनं मागितलं नाही’ असं म्हणत नाही. कारण ते खरं नाही, आणि भाऊजी म्हणाले होते तशी मी खोटं न बोलणारी बाई नाही, हे मला ठाऊक आहे.

ती निघाली ती सकाळ सांगते आणि संपवते.

सातची एस.टी. होती. ती अंगण ओलांडून आली. ट्रंक पुढं हमालाच्या सायकलवर गेली होती. हातात कापडी पिशवी, ती तिनं पायरीशी टेकवली. मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.

“आत्याबाई, किल्ली खुंटीला लावलीय.”

“बरं.”

“मागच्या खोलीतल्या खिडकीचा कोयंडा सैल आहे. पाऊस आला की आत पाणी येतं.”

“बघते मी.”

ती उभी राहिली. मी खडे निवडत होते. ताटात एकही खडा उरला नव्हता, तरी निवडत होते. मनात म्हणत होते, आता बोल. एक शब्द बोल आणि मी ताट बाजूला सारते, तुला सांगते की घर तुझंच आहे, अशोक कागद करतोय, पिशवी आत ठेव.

“जाऊ ना मी?” तिनं विचारलं.

एवढंच विचारलं. आवाज हळू होता, आणि उत्तर मिळेपर्यंत तिनं पिशवी उचलली नव्हती. वाकलीसुद्धा नव्हती. दोन्ही हात मोकळे ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, ती थांबली होती.

मी म्हणाले, “जा की. गाडी चुकेल.”